फुकटचे मार्क

दहावीला मला दहापैकी दहा पडले, आणि गणिताचा पेपर मी दिलाच नव्हता. महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांना हे अजून खरं वाटत नाही, पण इथे हैदराबादेत, जिथे दहावीचा निकाल दहापैकी लागतो, आमच्या बॅचचं तसंच झालं. भाषांचे पेपर उरकले, गणितासाठी मी पेन्सिलींना टोकं काढून ठेवली, आणि सगळा देश बंद झाला. परीक्षा होणार, होणार नाही, होणार, असं करत उन्हाळा गेला. शेवटी सरकारनं शाळेतल्या चाचण्यांचे मार्क धरून सगळ्यांना पास केलं आणि मी हुशार ठरले.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उदगीरच्या आत्याला फोन लावून "टेन बाय टेन" असं इंग्रजीत सांगितलं. आत्यानं ते दोनदा म्हणून घेतलं. अण्णांचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान आहे. आजोबा शेती सोडून इकडे आले, तेव्हापासून घरात सगळे स्टील आणि पितळेत. इंजिनिअर कुणी नाही. दहापैकी दहा पडलेल्या मुलीनं आणखी काय व्हायचं? ते मीच जाहीर करून टाकलं. इथे अकरावी-बारावीला इंटर म्हणतात. मी इंटरला गणित घेतलं, घरापासून जवळच्या एका कॉलेजात नाव घातलं, आणि त्या कॉलेजचं दार बघायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

कॉलेज फोनवर भरायचं. चिक्कडपल्लीतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात एक स्टूल, स्टुलावर स्टीलचा डबा, डब्याला टेकून फोन. क्लास सुरू झाला की आई कुकर लावायची नाही. शिटी कॉलेजात ऐकू जाईल म्हणून ती सकाळचा भात उघड्या पातेल्यात शिजवायची. पंखा कुरकुरायचा म्हणून तोही बंद. एप्रिलच्या उकाड्यात आम्ही तिघं घामानं निथळत इंटर करत होतो. मी सांगून थकले की माझा माईक बंद असतो, शंभर पोरांचे माईक बंद असतात, सर सोडून कुणाचाच आवाज कुणाला येत नाही. आई म्हणायची, "असू दे, उगं कशाला?"

दुकान बंद असल्यामुळे अण्णांचा जीव घरात रमत नव्हता. त्यांनी काही माल घरी आणून ठेवला होता आणि ते रोज तो पुसायचे. एकदा माळ्यावरून पातेली उतरवताना त्यांच्या हातून एक सुटलं. ते फरशीवर आदळलं, गोल गोल फिरलं, झाकण वेगळ्या दिशेला गेलं आणि शेवटी दोन्ही एकदाची गप्प झाली. अण्णा जागच्या जागी थिजले. मग हळूच फोनसमोर आले, वाकले, हात जोडले आणि म्हणाले, "सॉरी सर, सॉरी."

मला हसू आवरेना. "अण्णा, त्यांना इकडचं काही ऐकू जात नाही."

"आमचं?"

"कुणाचंच नाही. माझंपण नाही."

अण्णांनी फोनमधल्या त्या फळ्याकडे बोट दाखवलं. "मग ते शिकवायलेत कुणाला?"

हा किस्सा मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला, सगळ्या पोट धरून हसल्या. त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं हे पुढं माझ्याच अंगाशी आलं तेव्हा कळलं.

कारण मला काही कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यापासूनच नव्हतं. मी मराठी माध्यमातली. सर तेलुगूत बोलायचे, मधेमधे इंग्रजी. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं तेलुगू मला उत्तम येतं, भांडायलाही येतं, पण ‘असं गृहीत धरू’ हे तेलुगूत कसं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं आणि ते सरांच्या प्रत्येक वाक्यात असायचं. एक गणित संपलं की ते विचारायचे, "अर्थमैंदा?" म्हणजे, कळलं का? लगेच खाली भराभर उत्तरं यायची. यस सर, यस सर, यस सर. मीही टाकायचे, यस सर. शाळेत असं चालायचं नाही. तिथे बाई फळ्याकडून वळायच्या, वर्गावरून नजर फिरवायच्या आणि बरोब्बर माझ्यावर थांबायच्या. "तुला नाही कळलं. तोंडावर दिसतंय." तेव्हा त्यांचा राग यायचा. आता माझ्या तोंडाकडे बघणारा फक्त स्टीलचा डबा होता.

मी बसूच शकत नव्हते. क्लास चालू ठेवून मी घरभर फिरायचे. स्वयंपाकघरात जाऊन एक शेंगदाणा उचलायचा, खिडकीतून खाली बघायचं, परत यायचं, सर अजून त्याच फळ्यावर, पण फळा दुसऱ्याच गोष्टींनी भरलेला. मग वाटायचं, रेकॉर्डिंग मिळतंच, रात्री निवांत बघू. रात्री वाटायचं, रविवारी बघू. रेकॉर्डिंग साठत गेली आणि फोनमधली जागा संपली, तेव्हा मी ती पुसून टाकली. पुसताना जे हलकं वाटलं, ते आठवलं की आजही माझा मलाच संताप येतो.

दुसरी लाट आली तेव्हा एका सकाळी गणिताच्या क्लासमध्ये आवाजच वेगळा आला. नवे सर. जुन्या सरांचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. खाली नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग सर अशी रांग लागली. मी मात्र तेवढा दिवस काहीच टाकलं नाही. मला ते सर आवडत नव्हते, त्यांच्या क्लासमध्ये मी शेंगदाणे खात हिंडले होते. तरी त्या दिवशी, आपण त्यांचा चेहरासुद्धा धड पाहिला नाही, असं सारखं वाटत राहिलं.

पहिल्या वर्षाची परीक्षा झालीच नाही, आम्हाला तसंच दुसऱ्या वर्षात ढकललं. आणि दुसरं वर्ष निम्मं होत आल्यावर अचानक ठरलं की पहिल्या वर्षाची परीक्षा आता घ्यायची. खरी, बाकावर बसून, मास्क लावून. मी त्या हॉलमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं की गणिताचा बोर्डाचा पेपर मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरत होते. वाचला. प्रश्न सगळे ओळखीचे वाटले, सोडवता एकही येईना. शेजारची मुलगी पुरवणी मागत होती. मी पाणी प्यायले, पेन बदललं, समास आखला, परत पाणी प्यायले.

पंचाहत्तरपैकी अकरा.

पास व्हायला सव्वीस लागतात. मी एकटी नव्हते, गावभर नापासांचाच बोभाटा झाला होता. आईबाप चिडले, पोरं रडली, टीव्हीवर रोज चर्चा. अण्णा मात्र माझ्यावर ओरडले नाहीत, तेच मला सहन झालं नाही. ते जेवताना आईला हळू आवाजात म्हणाले, "आपण तर पंखापण लावला नव्हता." मी ताट तसंच ठेवून उठले.

आणि थोड्याच दिवसांत सरकारनं नापास झालेल्या सगळ्यांना पास करून टाकलं. अकराचे सव्वीस झाले. घरी मिठाईचा पुडा आला. उदगीरला फोन गेला, या वेळी आकडा न सांगता. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी पलंगावर फोन आपटला आणि म्हटलं, "मला नकोत."

"काय नकोत?"

"हे मार्क. फुकटचे."

"अगं, सगळ्या पोरांना दिलेत," अण्णा म्हणाले. "सरकारला पटलं, तुलाच का पटंना?"

मला नीट सांगता येईना. आजही सांगताना चिडचिड होते. दहावीचे दहा फुकट मिळाले तेव्हा मी ते मुकाट खिशात घातले, मिरवले, त्यांच्या जोरावर इंजिनिअर व्हायला निघाले. आता हे सव्वीस. दोन्ही टोकांना माझं स्वतःचं काही नव्हतं. निदान ते अकरा तरी माझे होते, तेही काढून घेतले. दुसऱ्या वर्षाचं गणित समोर उभं होतं आणि ते सगळं पहिल्या वर्षावर उभं. म्हणजे हवेत.

अण्णांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला. ते म्हणाले, "हे गणित सोड. बी.कॉम. कर. दुकानाला शिकलेलं माणूस लागतंच की. तुझ्या जिवालापण ताप नको." ते प्रेमानंच बोलत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. कारण मला खरोखर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, मार्क वाढवायची परीक्षा असते, इम्प्रूव्हमेंट, उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाबरोबरच देता येते. मी देणार. खूप वाद झाला. आईला कळेना की पास झालेलं माणूस परत परीक्षेला का बसतं. शेवटी अण्णांनी व्यवहार केला, बेगम बाजारात करतात तसा, एका वाक्यात. "आपल्या हिमतीवर सव्वीसच्या वर आणलीस तर इंजिनिअरिंग. नाही तर बी.कॉम., आणि मग कुरकुर नाही."

मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले.

घरी अभ्यास होईना. पंखा आता लावायचे, कुकरही वाजायचा, पण मी स्टुलासमोर बसले की पाय आपोआप उठायचे. म्हणून मी चिक्कडपल्लीच्या सरकारी वाचनालयात जायला लागले. तिथे आत जागा मिळणं अवघड. आवारात झाडांखाली, भिंतीच्या सावलीला, जिन्यावर, सगळीकडे सरकारी नोकरीची तयारी करणारी माणसं. कित्येकांनी घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवलेल्या. नोकरीची जाहिरात कधी निघेल कुणालाच ठाऊक नसायचं, पण सगळे वाचत बसलेले असायचे. मला त्यांचं बसणं बघूनच धाप लागायची. इतकं कसं बसवतं?

माझ्या शेजारी एक अक्का बसायची. वरंगलकडची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, इतिहास तोंडपाठ, गणिताच्या नावानं कोरी. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या पुस्तकात डोकावून विचारलं, "मॅथ्सवाली है क्या तू? मेरेकू जरा बताती क्या?"

मी फुशारले. दहापैकी दहा पडलेली मुलगी माझ्यात अजून शिल्लक होती. अक्कानं गणित पुढे केलं, शाळेत आम्ही त्याला काळ-काम-वेग म्हणायचो. एक माणूस एक काम सहा दिवसांत करतो, दुसरा बारा दिवसांत, तर दोघं मिळून किती दिवसांत? मी झरझर लिहिलं. एक षष्ठांश, अधिक एक द्वादशांश, बरोबर एक चतुर्थांश, उलटा करा, चार दिवस.

अक्का म्हणाली, "एंदुकु?"

म्हणजे, का?

"का काय, अक्का?"

"उलटा कायकू करे?"

"वैसाच करते."

"वैसाच कैसा? कोई तो सोच के किया होंगा ना."

मला तिचा असा राग आला! मी तिला दुसरं गणित करून दाखवलं, मग तिसरं, प्रत्येक वेळी उत्तर बरोबर, आणि प्रत्येक वेळी तिचं तेच, एंदुकु. ती खोडसाळपणे विचारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे आणि मी सांगत नाहीये. "सिक्रेट है क्या?" असंही एकदा म्हणाली. मी दप्तर उचललं आणि घरी गेले. वाटेत जामबागेकडे जाणारी बस समोरून गेली, शाळेच्या दिवसांत ज्या बसनं मी रोज जायचे ती. मला वाटलं, चढावं आणि बाईंना जाऊन विचारावं, तुम्ही हे मला सांगितलं होतंत का? सांगितलं असेल तर मी तेव्हा काय करत होते?

घरी आई अंबाडी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पानं खुडायला लागले, रागारागानं. माझी एक जुडी होईपर्यंत आईच्या दोन झाल्या. मी परत एक घेतली, तिच्या परत दोन. आम्ही दोघी मिळून तेवढ्याच वेळात तीन जुड्या उरकत होतो. मी हात थांबवला. दिवसांची बेरीज नसतेच. बेरीज होते ती झालेल्या कामाची. एका दिवसात याचं किती होतं, त्याचं किती होतं, ते मिळवायचं. मग सगळ्या कामाला असे किती दिवस लागतील ते बघायचं, म्हणून उलटं. इतकं साधं. सहावी-सातवीपासून मी ते करत होते आणि ते काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"काय झालं? अळी निघाली का?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं. आनंदानं नाही. भीती वाटली. हे जर असं, तर बाकीचं सगळं काय?

बाकीचं सगळं तसंच निघालं. मी मागे मागे जात राहिले. इंटरच्या पुस्तकातलं एक पान कळेना म्हणून दहावीचं काढलं, त्यातलं कळेना म्हणून नववीचं. माझी जुनी मराठी पुस्तकं आईनं रद्दीत घालायची राहून गेली होती, तेवढं नशीब. त्रिकोणमिती पुन्हा पहिल्यापासून, कागदावर त्रिकोण काढून, फूटपट्टीनं बाजू मोजून. शेजारच्या काकू आल्या की आई ते नववीचं पुस्तक उशीखाली सरकवायची. कॉलेजातली पोरगी नववीचं वाचायली, हे काय सांगायचं कुणाला? अण्णा रोज संध्याकाळी दुकानातून आले की पुस्तकाच्या पाठीवरची इयत्ता बघायचे आणि हातपाय धुवायला जायचे. इकडे परीक्षा जवळ येत होती आणि मी तिच्यापासून लांब लांब चालले होते. रात्री मी उरलेले धडे मोजायचे. सरळ पाठ करून टाकावं, सव्वीसच तर हवेत, असं रोज वाटायचं. काही दिवस मी तसं केलंही. मग सकाळी अक्का विचारायची, एंदुकु, आणि पाठ केलेलं सगळं गळून पडायचं. तिला इंटरचं गणित कळत नव्हतं, तिच्या परीक्षेत ते येणारही नव्हतं, पण मी बडबडत सोडवलेलं तिला ऐकायला आवडायचं. मी अडखळले की तिला बरोबर कळायचं. म्हणायची, "यहाँ तू झूट बोली."

परीक्षा मे महिन्यात झाली. हॉल तापलेला. या वेळी पेपर वाचून मी घाबरले ती वेगळ्या कारणानं. काही प्रश्न मला अजिबात येत नव्हते, त्यांच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते, आणि ते मला स्पष्ट दिसत होतं. काही येत होते. मधे एक त्रिकोणमितीचं गणित होतं, समीकरणाची डावी बाजू उजव्या बाजूइतकी आहे असं दाखवायचं. मी शेवटच्या दोन ओळींपर्यंत आले आणि अडकले. शेवटची ओळ काय यायला हवी हे समोर छापलेलंच होतं. मधली एक ओळ काहीतरी दडपून लिहिली असती तर कदाचित खपून गेली असती. मी बराच वेळ पेन टेकवून बसले. मग ते तसंच अर्धवट सोडलं आणि पुढे गेले, आणि पुढची सगळी गणितं सोडवताना डोकं त्यातच घुटमळत राहिलं.

निकाल लागला त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. फोन अण्णांच्याच हातात होता. दुसऱ्या वर्षाचं गणित निघालं होतं, आणि पहिल्या वर्षाचं पंचाहत्तरपैकी एक्केचाळीस.

"एक्केचाळीसच?" अण्णा म्हणाले. अण्णांनी परत एकदा आकडा बघितला, चष्मा वर केला, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आलं की हे सव्वीसच्या वर आहे. "म्हणजे इंजिनिअरिंग," ते म्हणाले, जरा नाराजीनं, जरा हसून. ते शब्दाचे पक्के आहेत. मिठाई आणायला म्हणून ते चपला घालून निघालेही.

मला उड्या माराव्याशा वाटल्या नाहीत. हायसं वाटलं, पण मी मनात हिशोब मांडत बसले होते. हे मार्क कशाचे, ते मार्क कशाचे, मला एकेक सांगता येत होतं. गेलेले कुठे गेले, तेही. दहापैकी दहा पडले तेव्हा मला यातलं काही सांगता आलं नसतं. आणि मग ते त्रिकोणमितीचं अर्धवट गणित आठवलं. मी पाठकोरे कागद घेतले आणि हॉलमध्ये फरशीवरच बसले. पहिल्यांदा तिथेच अडकले. दुसऱ्यांदाही तिथेच.

आईनं पानं घेतली होती. "ऊठ आता, झालीस पास, भात निवायलाय," ती म्हणाली. मी हूं म्हटलं. ती येऊन माझ्या डोक्यावर उभी राहिली आणि कागदाकडे बघायला लागली.

"परीक्षेतलंच ना हे? संपली की परीक्षा. आता कोण विचारणार आहे तुला हे?"

"कुणीच नाही," मी म्हटलं, आणि नवा कागद घेतला.